विमानाची तहान आणि लोटन आप्पा

लोटन आप्पांनी मला मदत केली. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांची जी थट्टा करणार आहे ती वाचून कुणाला वाटेल, हा माणूस उपकार विसरला. विसरलेलो नाही. सुरतेत माझं जे काही आहे, म्हणजे भेस्तानची खोली, मिलमधली कायम नोकरी, शाळेत जाणारी मुलगी आणि रोज संध्याकाळी "उशीर का झाला?" म्हणून विचारणारी बायको, त्या सगळ्याच्या मागे लोटन आप्पा उभे आहेत. उभे म्हणजे अगदी त्यांच्या पद्धतीने. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट समोरच्याच्या नाकाशी, आणि तोंडात, "मी सांगस ते ऐका."

पांडेसऱ्याला आमची कापड रंगवायची मिल. तिथे आप्पा हायड्रोवर होते. हायड्रो म्हणजे ओलं कापड पिळून काढणारं मशीन. लोखंडी पिंपात भोकं पाडलेला एक पिंजरा असतो, त्यात कापड भरायचं आणि पिंजरा गरगर फिरवायचा. पाणी भोकांतून बाहेर पळतं, कापड आत राहतं. आवाज असा की शेजारी उभा राहिलेला माणूस ओठ हलवतोय एवढंच दिसावं. त्या आवाजात वर्षं काढल्यामुळे आप्पा कुठेही ओरडूनच बोलायचे. देवळातसुद्धा. खोलीत ते बायकोशी, म्हणजे आक्कांशी, प्रेमाने बोलत असले तरी चाळीतली माणसं भांडण सोडवायला यायची.

बुटके, काळेसावळे, पोट थोडं पुढे. गांधी टोपी मूळची पांढरी असावी, पण मिलमध्ये ज्या दिवशी जो रंग चालू असेल त्याची छटा तिच्यावर असायची. टोपीच्या काठाला स्टोव्हची पिन खोचलेली. स्टोव्ह स्वतःचा असो, शेजाऱ्याचा असो की रस्त्यावरच्या चहावाल्याचा, आवाज जरा बदलला की आप्पा थांबत, टोपीतून पिन काढत आणि न विचारता बर्नरमध्ये खुपसत. "माल पोचत नही," असं म्हणत.

हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. जगातला कुठलाही बिघाड त्यांच्या मते एकाच जातीचा. माल आहे, मशीनही आहे, पण माल मशीनपर्यंत पोचत नाही. नळाला पाणी नाही, माल पोचत नाही. कुणाचा मुलगा गणितात नापास झाला, मास्तर चांगला, पोरगाही चांगला, पण माल पोचत नाही. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरेना. तर हे दवाखान्यात जाऊन सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळी तुमची बराबर आहे. पण माल पोचत नाही. नळी कुठंतरी चोंदलेली आहे."

"कुठली नळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता ते मी सांगू? शिकले तुम्ही!"

माझ्याशी त्यांचं नातं अवघड होतं. माझी बायको सिंधू त्यांच्या गावची. म्हणजे मी त्यांच्या गावचा जावई. वयाने मी त्यांच्या मुलासारखा, मिलमध्ये त्यांच्यापेक्षा कितीतरी खालचा, आठवीतून शाळा सोडलेला. तरी त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही. खोलीवर गेलो की बसायला पाट, पाणी तांब्या-भांड्यातून, आणि मग त्या पाटावर बसवून अत्यंत आदराने माझा अपमान. "जवाईबापू, तुम्हाले देवाने डोकं दिलं, पण वापराची परवानगी दिली नाही का?"

मी भित्रा होतो हे खरं आहे. अजूनही आहे. घरापासून इतक्या लांब आल्यावर माणूस एकतर बेडर होतो नाहीतर माझ्यासारखा. मिस्त्रीने हाक मारली की मला आधी घाम यायचा, मग मी 'ओ' द्यायचो. त्या वेळी मी मिलच्या दुरुस्ती खात्यात बदलीवर होतो. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर गेटावरून परत. सिंधू माहेरीच होती. मुलगी तिथेच झाली, रांगायला लागली. सासऱ्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, नोकरी कायम होईपर्यंत पोरीला परगावी पाठवणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं. उद्या काम असेल की नाही हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडे लेक आणि नात कोण पाठवील?

अशात ते विमान आलं.

शेठचे धाकटे चिरंजीव हर्षदभाई कॉलेजात होते. त्यांनी हलक्या लाकडाचं, वर पातळ कागद चिकटवलेलं एक विमान बनवलं होतं. पंख पसरून दोन हातांत मावेल एवढं. नाकाला खरं इंजिन, लिंबाएवढं, आणि त्यावर फिरणारा पंखा. दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखापासून निघायच्या आणि हर्षदभाईंच्या हातातल्या मुठीला यायच्या. त्यांनी मध्ये उभं राहून स्वतःभोवती फिरायचं आणि विमानाने त्यांच्याभोवती. मूठ वाकवली की विमान वर, खाली. हे विमान दसऱ्याला, मशीनपूजा झाल्यावर, मिलच्या मागच्या मैदानात शेठ आणि सगळ्या कामगारांसमोर उडवायचं ठरलं होतं. अडचण एकच. ते उडत नव्हतं.

मी पूर्वी एकदा हर्षदभाईंच्या स्कूटरचा कार्बोरेटर साफ केला होता, तेवढ्यावर त्यांनी मला बोलावलं. आमचे मिस्त्री ठाकोरभाई शेजारी उभे होते. ते मला म्हणाले, "जो, दशेराने दिवसे ऊडशे तो शेठ पासे तारुं नाम मूकीश. कायम माटे." म्हणजे विमान उडालं तर कायम करायला शेठकडे माझं नाव घालणार.

"आणि नाही उडालं तर?"

ठाकोरभाईंनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

इंजिनाचं दुखणं विचित्र होतं. हातात धरून पंखा बोटाने झटकला की लगेच चालू. आवाज दणदणीत, एरंडेलाचा धूर, काय रुबाब! पण मी विमान सोडलं आणि हर्षदभाईंनी फिरवायला सुरुवात केली की अर्ध्या फेरीत आवाज बारीक होत जायचा, शिट्टीसारखा, आणि एकदम बंद. विमान पोटावर गवतात. उचलून आणावं, झटकावं, पुन्हा चालू. पंखे मोडले, माझं बोट सोललं, हर्षदभाईंचा हसरा चेहरा जरा कमी हसरा झाला.

आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. जेवणाच्या सुटीत ते डबा घेऊन मैदानावर आले, उभ्याने एक भाकरी खाल्ली, विमान दोनदा पडताना बघितलं, आणि टोपीला हात घातला.

"माल पोचत नही."

"आप्पा, हातात असताना पोचतो ना!" मी म्हणालो.

"तेच तर. तुमच्या हातात कुणीबी नीट वागस. सोडल्यावर कळस."

मग आप्पांचं निदान सुरू झालं. पहिला संशय इंधनावर. त्यात रॉकेल, एरंडेल आणि ईथर असतं, हे हर्षदभाईंनी सांगितलं. आप्पांनी बाटलीचं बूच काढून खोल वास घेतला. ईथर हे डॉक्टर लोक माणसाला बेशुद्ध करायला वापरायचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डोळे फिरले, बूड गवताला टेकलं, आणि बसल्या बसल्या त्यांनी निकाल दिला, "एरंडेल बाजारी आहे. आपल्या गावचं पाहिजे." गावचं एरंडेल आक्कांच्या फळीवर होतं, चाळीतल्या मुलांच्या पोटासाठी. ते आलं, गाळलं, मिसळलं. विमान अर्ध्या फेरीत पडलं, फक्त धुराला आता लहानपणाचा वास येऊ लागला.

दुसरा संशय नळीवर. आणि इथे मात्र आप्पांना दाद दिली पाहिजे. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हचं रबर होतं. आप्पांनी ते ओढून काढलं, बोटांत चोळलं. रॉकेलने फुगून ते आतून मिटत आलं होतं. "बघा! घसा सुजला हिचा!" त्यांचा आवाज बॉयलरपर्यंत गेला. हर्षदभाईंनी शहरातून चांगली नळी आणली. जमिनीवर इंजिन आता आधीपेक्षाही सुंदर चालायला लागलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मी विमान सोडलं.

अर्धी फेरी. शिट्टी. गवत.

तिसरा उपाय म्हणून आप्पांनी इंधन कमी-जास्त करायची सुई भरपूर उघडली. "भूक जास्त आहे, वाढा जास्त!" इंजिन घोगरं झालं आणि सगळं तेल त्यांच्या सदऱ्यावर थुंकलं. मग त्यांनी टाकीत फुंकर मारून बघितली, आणि उलट आलेला घोट गिळला. सबंध दुपार त्यांना उचक्या लागत होत्या. हायड्रोच्या आवाजातही ऐकू येतील अशा. मी काळजीने विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम पिलो. चव बघितल्याबिगर दोष कसा सापडंल?"

दसरा परवावर आला. त्या सकाळी मी जेवलो नाही. ठाकोरभाई माझ्याकडे बघत नव्हते, आणि त्यांनी बघण्यापेक्षा ते मला जास्त वाईट वाटत होतं. काहीच सुचेना म्हणून मी हायड्रोपाशी जाऊन उभा राहिलो. आप्पा एका भरणाऱ्यावर खेकसत होते. त्याने पिंजऱ्यात कापड एका बाजूला जास्त भरलं होतं, पिंप थडथड उड्या मारत होतं. आप्पांनी ब्रेक लावला, कापड सारखं केलं, पुन्हा चालू केलं. पिंजरा फिरायला लागला तसं लाल पाणी भोकांतून बाहेर फेकलं जाऊन पिंपाच्या भिंतीवर आदळायला लागलं. मधे काही नाही, सगळं कडेला.

आप्पा बघत राहिले. हे मशीन ते रोज बघायचे, आणि तरी ते त्या दिवशी असे बघत होते जसं कुणी त्यांच्याच बायकोची त्यांच्याशी ओळख करून दिली असावी. मग त्यांनी मशीन बंद केलं. शिफ्टच्या मधे! मला मनगटाला धरलं आणि ओढत बाहेर नेलं.

"जवाईबापू, विमान गोल फिरतं ना?"

"हो."

"मग टाकीतला माल कुठं जाईल?"

त्यांनी ते करूनच दाखवायचं ठरवलं. रंगखात्यातून औषधाची रिकामी बाटली घेतली, तिच्यात अर्धं लाल पाणी भरलं, गळ्याला सुतळी बांधून लटकवली आणि मैदानात स्वतःच्या भोवती फिरवायला लागले. "बघा! बाटलीकडे बघा, माझ्याकडे नको!" बाटलीकडे बघणं अवघड होतं, कारण टोपी उडून गेली होती, धोतराचा सोगा सुटला होता आणि आप्पा भोवऱ्यासारखे तिरपे होत चालले होते. पण मी बघितलं. लाल पाणी बाटलीच्या बाहेरच्या बुडाशी गच्च चिकटलं होतं. आप्पांच्या बाजूची अर्धी बाटली कोरडी. एवढं दिसेपर्यंत आप्पा सुटले आणि मागच्या गेटावरच्या वॉचमनच्या मिठीत जाऊन थांबले.

"दिसलं?" तिथूनच विचारलं.

दिसलं. विमानाची टाकी हर्षदभाईंनी बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली होती. देखणी केली होती त्याने. पण आतली नळी त्याने त्याच्या सोयीच्या बाजूला लावली होती, आणि ती बाजू नेमकी आतली, म्हणजे हर्षदभाईंकडची निघाली. विमान हातात असताना इंधन सगळीकडे सारखं, नळी पीत राहायची. फेरी सुरू झाली की इंधन बाहेरच्या भिंतीला पळायचं आणि नळीच्या तोंडाशी नुसती हवा. टाकी भरलेली, आणि विमान तहानेने मरत होतं.

मी टाकी काढली, झाळकामाचा डाग तापवून सोडवला, नळी वाकवून तिचं तोंड बाहेरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात नेलं आणि पुन्हा डाग लावला. आप्पा टाकी धरून बसले होते आणि चटका बसला की मला धीर देत होते, फार मोठ्या आवाजात. हर्षदभाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसले. "अरे, पुस्तकमां हतुं! ए पानुं में छोडी दीधुं!" नेमकं तेच पान त्यांनी वाचायचं सोडलं होतं.

आप्पांना यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना," ते म्हणाले, "माल पोचत नही!"



दसऱ्याला मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मिल बंद असली की किती शांत असते हे त्या एका दिवशी कळायचं. फाफडा-जिलेबीच्या टोपल्या आल्या होत्या. शेठ पांढऱ्या कपड्यांत मैदानाच्या कडेला खुर्चीवर, मागे सगळे कामगार. हर्षदभाई मूठ धरून मधोमध. मी विमान धरून पंखा झटकला. काही नाही. पुन्हा झटकला. इंजिनाने खोकलासुद्धा काढला नाही. पुन्हा, पुन्हा. ठाकोरभाई आता माझ्याकडे बघत होते. शेठनी घड्याळ बघितलं.

"माल पोचत नही!" गर्दीतून आप्पांचा आवाज आला आणि सगळी मिल हसली. मला रडू यायचं बाकी होतं. आप्पा लोकांना ढकलत पुढे आले, गुडघ्यावर बसले, इंजिनाच्या हवा घ्यायच्या भोकात एक डोळा मिटून बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. इतका पडलेला मी कधी बघितला नव्हता. टोपीतून पिन काढून त्यांनी भोकातून काहीतरी टोकरून काढलं आणि तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

सकाळी हायड्रोची पूजा केल्यावर आप्पांना विमानाचाही उमाळा आला होता. त्यांनी त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि भक्तिभावाने अक्षता टाकल्या. थेट तोंडात.

"शुं थयुं?" शेठनी विचारलं. "चोखा कोणे नाख्या?"

मी काही बोलायच्या आत आप्पा उठून उभे राहिले. "मी टाकले, शेठ. जवाईबापू नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. चूक माझी."

मी नको म्हटलंच नव्हतं. मी तिथे नव्हतोच.

शेठ हसले की नाही आठवत नाही, कारण तेवढ्यात मी पंखा झटकला आणि इंजिन कडाडलं. मी विमान सोडलं. अर्धी फेरी झाली. माझे कान शिट्टीची वाट बघत होते. आवाज तसाच राहिला. पूर्ण फेरी. मग दुसरी. विमान डोक्याएवढं वर गेलं, खाली येऊन गवताला घासून पुन्हा वर. कामगार टाळ्या वाजवायला लागले, आणि मी विमानाकडे न बघता आप्पांकडे बघत होतो. ते मान गोल गोल फिरवत होते, तोंड उघडं, हातातली जिलेबी तशीच. टाकी संपेपर्यंत इंजिन थांबलं नाही.

विमान खाली उतरल्यावर शेठनी विचारलं, "आ कोणे सरखुं कर्युं?" म्हणजे हे नीट कोणी केलं.

मी आप्पांकडे वळलो. हा माणूस दुसऱ्याच्या स्टोव्हला पिन मारली तरी ते चारचौघांत गाजवणारा. आता शेठ विचारतायत, सगळी मिल ऐकतेय. मी ऐकायच्या तयारीत उभा राहिलो.

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी." एवढंच. आणि जिलेबी तोंडात कोंबली, म्हणजे पुढे बोलायची सोयच नको. हर्षदभाई काही सांगायला जात होते, तर आप्पांनी त्यांच्याकडे असे डोळे वटारले की शेठच्या मुलालासुद्धा गप्प बसावं लागलं. ठाकोरभाईंनी शेठच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. शेठनी मान हलवली.

नंतर मी आप्पांना गाठलं. "खोटं का बोललात?"

"खोटं कसं? डाग कोणी लावला? तुम्ही. मी तर फक्त सांगितलं. सांगणं माझं रोजचंच आहे, त्याचं काय कौतुक?" मग आवाज खाली आला. आप्पांचा आवाज खाली येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. "आमनी गावनी पोर तठे वाट देखी राहिनी, जवाईबापू. माले कायम व्हईसन कितला वरीस व्हयनात. मना नावले शेठ काय देई?" गावची पोर म्हणजे सिंधू, आणि आप्पा स्वतः तर केव्हाच कायम झालेले.

मिलमध्ये 'ह्यांनी' हा शब्द त्यांनी पाळला. भेस्तानला मात्र नाही. चाळीच्या ओट्यावर ती गोष्ट रोज व्हायची आणि रोज तिच्यातला मी थोडा थोडा लहान व्हायचो. शेवटी शेवटी तर मी फक्त पाना धरून उभा होतो, आणि तोही उलटा.

माझं कायमचं झालं. होळीनंतर सिंधू आणि मुलगी आल्या. त्यांना उतरवून घ्यायला उधना स्टेशनावर माझ्याआधी आप्पा आणि आक्का हजर. मुलीने आप्पांचा आवाज ऐकून भोकाड पसरलं. आप्पा म्हणाले, "घसा चांगला आहे. हवा नीट पोचते."

हायड्रोने शेवटी त्यांचे कान नेले. साठीच्या आतच त्यांनी मिल सोडली आणि गावी जायचं ठरवलं. त्यांना निरोप द्यायला आम्ही तिघं उधन्याला गेलो. सामान चढवून झालं. खिडकीत बसल्यावर ते मला म्हणाले, "एक राहिलं, जवाईबापू. ती मूठ एकदा हातात धरायची होती. हर्षदभाईला म्हटलं होतं, पुढच्या टायमाला म्हणाले. मग ते गेले मुंबईले." मी काहीतरी बोललो. त्यांना ऐकू गेलं नाही.

समोरच्या बाकावरच्या कुणीतरी त्यांना खुणेने विचारलं असावं, कसली मूठ. कारण आप्पांनी लगेच मान तिकडे वळवली आणि सुरुवात केली. भुसावळकडे जाणारी ती पॅसेंजर हलली, तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. डबा पुढे सरकत गेला तरी खिडकीत त्यांचा हात दिसत होता. मूठ वळलेली, आणि गोल गोल फिरत होती. शेजारच्याचा फेटा त्या फेऱ्यात येत होता, तो बिचारा मागे मागे सरत होता.

हलकं लाकूड कुठे मिळतं ते मी विचारून ठेवलंय. इंजिनाचीही चौकशी चालू आहे. टाकी मीच करीन, नळी बाहेरच्या कोपऱ्यात. सुटी मिळाली की विमान घेऊन आप्पांच्या गावी जाईन, खळ्याच्या मोकळ्या जागेत त्यांना मधोमध उभं करीन आणि मूठ त्यांच्या हातात देईन. विमान सोडायला मी आहेच. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, आप्पा, पण जमवीन.